खिशाला हात न लावता मुंबई

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मुंबईतील वाढत्या खर्चाविषयी लिहिण्याचे आवाहन आम्ही मागे वाचकांना केले होते. आलेली बरीचशी पत्रे घरभाडे आणि शाळेची फी यांच्याविषयी होती. त्यांना उत्तर देण्याची या सदराची कुवत नाही. काही पत्रांत मात्र निराळा प्रश्न होता: या शहरात पैसे न खर्चता चार घटका आनंदात घालवता येतात का, आणि कशा? त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: आम्ही दोघेही नोकरी करतो आणि दोघांचेही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे रेल्वेचे पास आहेत. घराचा हप्ता गेल्यावर हातात फारसे उरत नाही. मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी नऊ वर्षांची आहे. रविवारी बाहेर नेले की मॉल, आणि मॉलमध्ये गेले की दीड-दोन हजारांना चाट ठरलेली. न नेले तर मुले दिवसभर मोबाइलमध्ये डोके खुपसून बसतात. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगाची गोष्ट तुम्ही ओघात सांगून टाकली आहे, ती म्हणजे दोघांचे पास. पास हे कामावर जाण्याचे साधन अशी आपली समजूत असल्यामुळे रविवारी तो पाकिटातच राहतो. वास्तविक पासावर छापलेल्या दोन स्थानकांच्या मधल्या कोणत्याही स्थानकावर आठवड्याचे सातही दिवस उतरता येते. म्हणजे ठाणे, दादर, भायखळा, मशीद या सगळ्या ठिकाणी जाण्यायेण्याचे पैसे तुम्ही आधीच भरलेले आहेत. मुलांची तिकिटे तेवढी काढावी लागतील, मुलीचे अर्धे आणि मुलाचे पूर्ण, आणि एवढा खर्च टळणार नाही. मध्य रेल्वेचा रविवारचा मेगाब्लॉक बहुधा अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी उशिरापर्यंत चालतो. तेव्हा सकाळी नऊच्या आत घर सोडावे आणि परतीची गाडी संध्याकाळची धरावी. मधल्या वेळेत गाडीत अडकून पडलात, तर पुढच्या रविवारी मुले यायला राजी होणार नाहीत.

पहिला रविवार टर्मिनसपासूनच सुरू करा. ज्या इमारतीतून तुम्ही रोज धावतपळत बाहेर पडता, तिच्याकडे मान वर करून पाहण्याची सवड तुम्हालाही बहुधा मिळाली नसेल. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ मध्ये काम सुरू होऊन दहा वर्षांनी ती पूर्ण झाली आणि २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. परंतु मुलांना या सनावळीत गोडी वाटणार नाही. त्यांना रस्त्यापलीकडे, महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे करा आणि दगडातले प्राणी शोधायला सांगा. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसला आहे आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. भिंतीतून झेपावणारी चित्रविचित्र जनावरे, पानाफुलांत कोरलेले मोर आणि माकडे यांची मोजदाद करण्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो. यांतील बरेचसे कोरीवकाम जे. जे. कला विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे, हे तेरा वर्षांच्या मुलाला आवर्जून सांगावे. दर्शनी भिंतीवर त्या काळच्या मातब्बर मंडळींचे चेहरे आहेत आणि त्यांत नाना शंकरशेट यांचाही आहे. तो कोण आधी शोधतो, यावर बहीणभावांची चुरस लावून द्यावी.

तेथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे चालत निघावे. या रस्त्यावरच्या जुन्या इमारतींखालून सलग कमानींचा पदपथ जातो, त्यामुळे ऊन आणि पाऊस दोन्ही चुकतात. एरवी येथे पाऊल टाकायला जागा नसते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्यामुळे कमानी आणि खांब नीट दिसतात. रस्ता संपतो तेथे हुतात्मा चौक आहे. १८६४ मध्ये उभारलेले कारंजे आणि त्याच्याशेजारी मशाल हाती घेतलेल्या शेतकरी व कामगाराचे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे स्मारक ही दोन्ही एकाच ठिकाणी पाहता येतात. मराठी घरातील मुलांना त्या स्मारकाजवळ उभे राहून पाच मिनिटे ती हकीगत सांगणे हे आईवडिलांचे कामच आहे, असे मला वाटते, आणि पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदापेक्षा ती तेथे अधिक चांगली कळते.

पुढे काळा घोडा हा परिसर आणि ओव्हल मैदान. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई मनोरा आहे. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या, गोलसर गॅलऱ्यांच्या आणि छज्ज्यांच्या आर्ट डेको इमारतींची रांग आहे. दोन्ही बाजू मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरल्या. मधोमध उभे राहून एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिले की, दोन पिढ्यांत शहराची आवड किती बदलली ते व्याख्यानाशिवाय समजते. मनोरा बांधण्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. दृष्टी गेलेल्या त्या माउलीला सूर्यास्तापूर्वी जेवणाची वेळ कळावी म्हणून घड्याळाचे टोले हवे होते, अशी आख्यायिका सांगतात. रविवारी मैदानावर एकाच वेळी इतके सामने चालू असतात की, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाशेजारी उभा असतो. पोळीभाजीचा डबा येथेच झाडाखाली उघडावा.

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर दुपारी जाऊ नका, तो तापलेला असतो. पाच वाजून गेल्यावर चर्चगेटवरून तेथे पोहोचावे. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्यास्त समोरच होतो. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी मात्र पोलीस आणि पालिका जेवढे लांब राहायला सांगतील, तेवढे लांब राहावे.

आता खर्चाचे. या सगळ्या फेरीत प्रवेशाचे पैसे कोठेही लागत नाहीत. पैसे जातात ते तहान, भूक, थकवा आणि फुगेवाला यांच्यापायी. पाण्याच्या बाटल्या माणशी एक भरून घ्या. स्वच्छतागृहाचा प्रश्न बायका-मुलींना अधिक जाचतो, म्हणून तो आधी सोडवून ठेवावा: टर्मिनसमध्ये एकदा, काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात दुसऱ्यांदा आणि चर्चगेट स्थानकात तिसऱ्यांदा. शेवटी चौघांनी एकेक वडापाव खाण्याचे घरूनच कबूल करून निघावे. अगदी काही मिळणार नाही असे सांगितले की, मुले प्रत्येक गाडीपाशी हटून बसतात. एक गोष्ट ठरलेली असली की मुले तिची वाट पाहतात.

प्रश्न: मी लातूर जिल्ह्यातून पदव्युत्तर शिक्षणासाठी आले असून सांताक्रुझ पूर्वेला वसतिगृहात राहते. वर्गातल्या मैत्रिणी संध्याकाळी कॅफेत बसतात. एका कॉफीचे अडीचशे रुपये मला परवडत नाहीत आणि दर वेळी नाही म्हणायची लाज वाटते. एकटीने कुठे जावे ते कळत नाही. चित्रप्रदर्शनाला गेले तर मला आत घेतील का?
— एक विद्यार्थिनी, मुंबई

उत्तर: घेतील, आणि कोण म्हणून विचारणारही नाहीत. काळा घोड्याचे जहांगीर कलादालन १९५२ पासून सर्वांसाठी विनामूल्य खुले आहे. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात ही तिथली वेळ. बहुतेक प्रदर्शने आठवडाभराची असतात आणि मंगळवारी नवी लागतात, त्यामुळे दर आठवड्याला गेलात तरी तेच ते पाहावे लागत नाही. येथे दालन मिळण्यासाठी चित्रकारांना वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि त्यांतले पुष्कळ जण महाराष्ट्राच्या लहान गावांतून आलेले असतात. आपल्या चित्रांपाशी ते दिवसभर उभे असतात; लोक येतात, मान हलवतात आणि निघून जातात. हा रंग असा का लावला, एवढे जरी तुम्ही विचारलेत तरी तो चित्रकार पाऊण तास बोलेल, कारण तेवढ्यासाठीच तो तेथे आलेला असतो. चित्रकलेतले आपल्याला काही कळत नाही, ही अडचण नव्हे. न कळता विचारलेल्या प्रश्नांना चांगली उत्तरे मिळतात.

खासगी कलादालने थोडी बिचकवतात. फोर्ट आणि कुलाब्याच्या जुन्या इमारतींत, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिना चढून गेल्यावर काचेचे दार येते. आत कडक वातानुकूलन असते आणि टेबलामागची व्यक्ती मान वर करून पाहतही नाही. ते न पाहणे अपमान नसतो, ती तिथली पद्धत असते. दार ढकलावे, वहीत नाव लिहावे आणि टेबलावर ठेवलेले माहितीपत्रक घेऊन सावकाश फिरावे. प्रवेशमूल्य नसते आणि काही विकत घ्याल अशी अपेक्षाही कोणी करत नाही. फोर्टमधील केमोल्ड प्रेस्कॉट रोड हे दालन उदाहरणादाखल पाहावे. १९६३ मध्ये ते जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाले होते आणि आधुनिक भारतीय चित्रकलेतली कितीतरी मोठी नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. ही दालने बहुधा रविवारी बंद असतात, तेव्हा आठवड्यातली एखादी मोकळी दुपार काढावी. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सव भरतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या नऊ दिवसांच्या महोत्सवाला तिकीट नसते. सभागृहातल्या कार्यक्रमांना मात्र लवकर जाऊन रांगेत उभे राहावे लागते. शनिवार-रविवारची गर्दी कपडे आणि छायाचित्रे यांच्यासाठी असते. तुम्ही मंगळवारी किंवा बुधवारी जा.

संध्याकाळी एकटीने जाण्यासाठी मला सर्वांत बरे वाटणारे ठिकाण म्हणजे मराठी पुस्तकांचे प्रकाशन समारंभ आणि व्याख्याने. दादरला, विलेपार्ल्याला, नरिमन पॉइंटच्या यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये असे कार्यक्रम सतत होत असतात, बहुतेक सर्वांना खुले असतात, आणि त्यांच्या सूचना मराठी वर्तमानपत्रांत कोपऱ्यात छापून येतात. पाहुणे उशिरा येतात, प्रास्ताविक लांबते, सत्काराला पुष्पगुच्छ कमी पडतात, हे सगळे गृहीत धरून जावे. मग एखादा वक्ता असे काही बोलून जातो की, वसतिगृहाकडे परतताना ते डोक्यात घोळत राहते. सभागृह अर्धे रिकामे असल्यामुळे नव्या चेहऱ्याकडे संयोजकांचे लक्ष जाते, आणि चार कार्यक्रमांनंतर तुम्हाला नावाने हाक मारणारी माणसे भेटू लागतात. कॅफेतल्या टेबलावर हे सहसा घडत नाही.

क्रिकेटची आवड असेल तर जुलैपासून आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्क येथे कांगा लीगचे सामने पाहावेत. १९४८ पासून चालत आलेली ही स्पर्धा मुद्दाम पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते आणि भल्याभल्या फलंदाजांची तेथे भंबेरी उडते. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी १९८८ मध्ये शारदाश्रमसाठी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली ती आझाद मैदानावरच, शालेय सामन्यात, विनातिकीट प्रेक्षकांसमोर.

एकट्या मुलीने नुसतेच बसून राहणे हे आपल्याकडे अजूनही लोकांना खटकते. हातात फोन, पुस्तक किंवा कोणाची तरी वाट पाहण्याचा बहाणा लागतो. मरीन ड्राइव्ह आणि शिवाजी पार्कचा कट्टा या दोन जागा त्याला बऱ्याच अंशी अपवाद आहेत, कारण तेथे बसलेली बाकीची माणसेही काही करत नसतात. राहिला प्रश्न मैत्रिणींचा. त्यांच्या बेताला नाही म्हणण्यापेक्षा आपला बेत त्यांच्या आधी सांगून पाहा: शुक्रवारी जहांगीरला जाऊ, मग समुद्रावर बसू. निदान दोघी तरी येतील, आणि त्या दोघींच्या खिशालाही बहुधा कॉफी जड जात असेल.

प्रश्न: तुमच्या सदरात फुकट मुंबईचे गोडवे गायले जातील, पण वस्तुस्थिती वेगळी आहे. राणीच्या बागेत आम्ही मुलांना नाममात्र पैशांत नेत होतो, आता तेथेही घसघशीत तिकीट आहे. आम्ही दोघेही सत्तरीचे, गुडघे दुखतात. आमच्यासाठी या शहरात काय उरले आहे?
— एक निवृत्त वाचक, कांदिवली

उत्तर: तुमचा राग रास्त आहे. पेंग्विन आल्यानंतर, २०१७ मध्ये, राणीच्या बागेचे दर वाढले आणि दोन मुलांसह चौघांच्या कुटुंबाला १०० रुपये झाले. प्राण्यांच्या देखभालीला पैसा लागतो हे मान्य. तरीही ज्या शहरात मोकळ्या जागेचा एवढा दुष्काळ आहे, तेथे नुसत्या झाडांखाली बसण्यासाठी वेगळे, बिनतिकिटाचे दार हवे होते, असे माझे मत आहे.

तुमच्या जवळचे एक ठिकाण सुचवतो. बोरिवली पश्चिमेला, आय. सी. कॉलनीजवळ मंडपेश्वर लेणी आहेत. साधारण सहाव्या शतकातले हे शिवाचे लेणे पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती प्रार्थनेसाठी वापरले गेले आणि त्याच टेकडीवर चर्चच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. आत नटराजाचे झिजलेले शिल्प आहे. लेण्यांपर्यंत डोंगर चढावा लागत नाही, समोर मोकळे पटांगण आहे आणि तिकीट नाही. सकाळी आठच्या सुमारास रिक्षाने जावे, तासभर दगडी खांबांच्या सावलीत बसावे. किनारी रस्त्यालगत २०२५ मध्ये खुला झालेला वरळीच्या बाजूचा विहारपथही विनामूल्य आहे आणि सपाट असल्यामुळे गुडघ्यांना सोसतो. पण तेथे सावली नाही, तेव्हा तो हिवाळ्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न: माझ्या पतींवर परळच्या रुग्णालयात उपचार सुरू आहेत. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले. तीन महिने दादर पूर्वेच्या धर्मशाळेत राहावे लागणार आहे. दुपारी किंवा पहाटे दोन तास मोकळे मिळतात, पण चार भिंतींत जीव गुदमरतो. अशा वेळी फिरायला जाणे बरे दिसेल का, हाही प्रश्न मनात येतो.
— एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, जरूर जा. तीन महिने रुग्णाची शुश्रूषा करायची तर करणाऱ्याचे मन धड राहिले पाहिजे, आणि ते बसल्या जागी धड राहत नाही. लोक काय म्हणतील याचा विचार गावाकडे ठेवून यावा. दादरला तुमच्याकडे पाहायला कोणाला सवड नाही, आणि या शहराचा हा गुण अशा वेळी कामी येतो.

पहाट मोकळी असेल त्या दिवशी पूल ओलांडून दादर पश्चिमेच्या फुलबाजारात जा. उजाडण्यापूर्वीच तो भरात आलेला असतो. सातारा, पुणे, नाशिक या बाजूंनी रात्रभर चालून आलेल्या गाड्यांतून झेंडूची पोती उतरत असतात, शेवंतीचे ढीग ताडपत्रीवर पसरलेले असतात, निशिगंधाच्या जुड्या ओल्या गोणपाटात उभ्या केलेल्या असतात. वसईकडच्या बायका सोनचाफा घेऊन बसतात. त्याची फुले मोजून विकतात, तर मोगऱ्याच्या कळ्या तराजूत घालतात. ओलसर चिखलातून पाटीवाले ‘बाजू, बाजू’ करत धावतात, म्हणून भिंतीच्या कडेला उभे राहून पाहावे आणि पायांत जुन्या चपला घालाव्यात. काही घेतलेच पाहिजे असे नाही. आठनंतर किरकोळ गिऱ्हाइकांची गर्दी सुरू होते आणि बाजाराची मजा उतरते.

दुपारी वेळ मिळाला तर हिंदू कॉलनीतले राजगृह पाहा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे घर मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी बांधून घेतले. तळमजल्यावर त्यांच्या वापरातल्या वस्तू आणि छायाचित्रे मांडली आहेत; दर्शनाला पैसे लागत नाहीत. त्या कॉलनीतले रस्ते झाडांच्या छायेत आहेत आणि तेथून माटुंग्याच्या पाच बागांपर्यंत सावकाश चालत जाता येते. माटुंग्यालाच उड्डाणपुलाखाली नानालाल मेहता उद्यान आहे. सुमारे ६०० मीटर लांबीच्या या पट्ट्यात नर्मदेच्या पात्राची वळणे पायवाटेवर उतरवली आहेत, उगमापासून समुद्रापर्यंत. दोन्ही बाजूंनी वाहने धावत असतात, तरी पुलाचे छप्पर असल्यामुळे भर उन्हात किंवा पावसातही फेरी मारता येते. फोन हातात ठेवा आणि बरोबरच्या एखाद्या नातेवाइकाला कुठे चालला आहात ते सांगून निघा, म्हणजे जीव टांगणीला लागणार नाही.

प्रश्न: गणपतीत एक दिवस मुंबईला यायचे आहे. मोठ्या मंडळांच्या रांगांत दिवस जाऊ नये असे वाटते. काय पाहावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: लालबागला नवसाची रांग टाळून मुखदर्शनाच्या रांगेत उभे राहिले, तरी कित्येक तास जातात. त्यापेक्षा गिरगाव गाठा. केशवजी नाईक चाळीतला उत्सव १८९३ पासूनचा, मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव. १९०१ मध्ये लोकमान्य टिळक येथे आले होते. मूर्ती लहान असते, आरास साधी असते आणि विसर्जन पालखीतून होते. उंच मूर्ती पाहून आलेल्या माणसाला पहिल्या क्षणी चुकल्यासारखे वाटते. पाच मिनिटे चाळीच्या चौकात थांबले की, वरच्या मजल्यावरून वाकून बोलणाऱ्या बायका आणि प्रसादाची ताटे घेऊन धावणारी मुले दिसू लागतात. तेथून जवळच खोताची वाडी आहे, लाकडी जिन्यांच्या आणि कौलारू घरांची. ही राहती घरे आहेत, तेव्हा ओट्यावर चढून छायाचित्रे काढू नयेत आणि आवाज बेताचा ठेवावा. शनिवार-रविवार टाळून या.

प्रश्न: शिवडीच्या फ्लेमिंगोंची इतकी छायाचित्रे पाहिली, म्हणून फेब्रुवारीत सहकुटुंब गेलो. लांबच लांब चिखल आणि क्षितिजावर गुलाबी रेघ, याखेरीज काही दिसले नाही. ही नुसती हवा आहे का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर: हवा नाही, तुम्ही ओहोटीच्या वेळी गेला असणार. हे पक्षी चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव खातात. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि ते त्याच्या पाण्याकडच्या कडेला, म्हणजे तुमच्यापासून फार लांब असतात. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते उडून दुसरीकडे जातात. या दोहोंच्या मधल्या वेळेत, पाणी चढत किंवा उतरत असताना, ते धक्क्याजवळ येतात. म्हणून भरतीच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी पोहोचावे, किंवा भरती उलटल्यावर तितक्याच वेळाने. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे गेल्या रविवारी कोणाला सकाळी नऊला पक्षी दिसले म्हणून या रविवारी तुम्हालाही नऊलाच दिसतील, असे नाही. वर्तमानपत्रात किंवा फोनवर मुंबईचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे आणि ज्या दिवशी ही मधली वेळ सकाळी सात ते दहाच्या दरम्यान येते, तो दिवस निवडावा. सकाळी सूर्य धक्क्याच्या समोर, पूर्वेला असतो, तेव्हा टोपी न्यावी. छायाचित्रेच हवी असतील तर हीच वेळ दुपारी चारनंतर येणारा दिवस अधिक चांगला, कारण तेव्हा ऊन पाठीमागून येते.

नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत ते खाडीत असतात. अटल सेतू शिवडीहूनच सुरू होतो आणि जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला, तेव्हा पूर्वीची निवांत शिवडी आता डोळ्यांसमोर आणू नये. त्याच खाडीचा वरचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. चेंबूरहून तुम्हाला हार्बरची गाडी सोयीची आहे. शिवडीला पूर्वेकडे उतरून धक्क्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटे चालावे लागते. रस्ता गोदामांचा, अवजड वाहनांचा आहे, म्हणून मुलांना आतल्या बाजूने धरून चालावे. धक्क्यावर पाणी किंवा स्वच्छतागृह मिळेल असे धरून जाऊ नये, दोन्हींची सोय स्थानकावरच करून पुढे निघावे. दुर्बीण उसनी मिळाली तर उत्तम, आणि शक्यतो दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी जावे, म्हणजे रविवारच्या मेगाब्लॉकची कटकट राहत नाही.